टर्बोवर मंदावणारी, लुकलुकणारी घरगुती टॉर्च: एलईडी बदलण्याआधी सांधे मोजा

तक्रार जवळपास नेहमी सारखीच असते. सेल पूर्ण चार्ज करून टॉर्च टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडवर लावली की पहिलं मिनिटभर उजेड झकास पडतो. मग तो हळूहळू उतरतो, मधूनच लुकलुकतो. मागून थाप मारली की पुन्हा पूर्ण पेटते. मागचं झाकण आवळलं की आठवडाभर ठीक चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होतं.

यावर बहुतेक जण आधी एलईडीवर संशय घेतात, नंतर ड्रायव्हरवर (एलईडीला जाणारा प्रवाह ठरवणाऱ्या छोट्या सर्किटवर), आणि शेवटी दोन्ही नवीन मागवतात. नवीन भाग बसवताना सगळी टॉर्च खोलली, पुसली आणि परत घट्ट आवळली जाते. त्या साफसफाईनेच ती काही दिवस सुधारते, आणि दोष जुन्या भागातच होता अशी समजूत पक्की होते. पुढे लुकलुक परत आली की नवीन भागही खराब निघाला असं वाटतं. असे चांगले एलईडी आणि चांगले ड्रायव्हर डब्यात पडून राहिलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. जास्त पॉवरच्या हातबनावटीच्या टॉर्चमध्ये वारंवार येणारा दोष बहुतेक वेळा दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे असतो, आणि तो मोजता येतो.

आपल्याकडे हा विषय नुसत्या हौसेपुरता राहत नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की पाणी फिरवायला बांधावरून जावं लागतं, आणि त्या वाटेवर घोणस किंवा मण्यार असू शकते. गडावर मुक्कामाला जाणारे, रात्री गड उतरणारे लोकही अशाच टॉर्चवर विसंबतात. एकदा थाप मारून पेटलेल्या टॉर्चवर अंधारात भरवसा ठेवू नका. तिचं कारण सापडलेलं नसतं.

वीज कुठून कुठे जाते

हिशोबासाठी एक ठरावीक जोडणी समोर ठेवू, कारण बरेच जण हिच्यापासूनच सुरुवात करतात. सी८ नावाने मिळणारी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, एक १८६५० मापाचा लिथियम सेल, तांब्याच्या २० मिलिमीटर चकतीवर क्री कंपनीचा एक्सएम-एल२ एलईडी, आणि १७ मिलिमीटरचा ड्रायव्हर, त्यावर ७१३५ जातीच्या आठ चिप. एक चिप ३५० मिलिअँपिअर सोडते, म्हणजे आठ मिळून २.८ अँपिअर.

यातली प्लसची बाजू आखूड आहे: सेलचं टोक, ड्रायव्हरची स्प्रिंग, संपलं. मायनसची बाजू मात्र लांबचा वळसा घेते. सेलच्या बुडापासून मागची स्प्रिंग, तिथून स्विच, स्विचची छोटी पट्टी, ती पट्टी दाबून धरणारी आट्यांची रिंग, मग झाकण, झाकणाचे आटे, नळीची कड, पुढचे आटे, एलईडी आणि ड्रायव्हर धरणारा पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पिल, आणि शेवटी ड्रायव्हरची कडा. इथे टॉर्चची बॉडी हीच वायर आहे. एवढ्या मार्गावर सात-आठ ठिकाणी धातू धातूला नुसता टेकलेला असतो, सोल्डर केलेला नसतो. त्यातला कोणताही सांधा सैल झाला, गंजला किंवा त्याने कार्बन धरला की २.८ अँपिअरचा प्रवाह तिथे अडतो.

आता व्होल्टचा हिशोब. या एलईडीला २.८ अँपिअरवर साधारण ३.३ व्होल्ट लागतात. ७१३५ चिपला काम करायला वर किमान ०.१२ व्होल्ट हवेत. सेलचा अंतर्गत रोध ५० मिलिओहम धरला तर सेलमध्येच ०.१४ व्होल्ट पडतात. वायरींचे ०.०३. आता सांध्यांचा एकूण रोध चांगल्या टॉर्चमध्ये २० मिलिओहम धरा, म्हणजे ०.०६ व्होल्ट. सगळं मिळवलं की सेल ३.६५ व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत टॉर्च पूर्ण उजेड देते. आता सांध्यांचा रोध फक्त १०० मिलिओहम करा, म्हणजे एक दशांश ओहम. तिथे ०.२८ व्होल्ट जातात आणि पूर्ण उजेडासाठी सेल ३.८७ व्होल्टच्या वर असावा लागतो. सेलमध्ये निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक असताना टॉर्च मंदावायला लागते. वापरणारा म्हणतो सेल कमी mAh चा, म्हणजे कमी क्षमतेचा निघाला, आणि सेल तर ठणठणीत असतो.

तो एक दशांश ओहम साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर दिसतच नाही. स्वस्त डीटी-८३० जातीच्या मीटरची सगळ्यात बारीक ओहम रेंज २०० ची असते आणि तिचा शेवटचा अंक ०.१ ओहमचा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधही त्यात मिसळतो. शिवाय ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ प्रवाह सोडतो. तेवढ्याला काळवंडलेला सांधाही वाट देतो. खरा भार आला की तोच सांधा तापतो आणि अडवतो. "मी बीप मारून पाहिलं, कन्टिन्युइटी ओके आहे" हे वाक्य म्हणूनच या दोषात निरुपयोगी आहे.

आधी लक्षण नीट बघा

काहीही खोलण्याआधी दहा मिनिटं टॉर्च लावून तिच्याकडे लक्ष द्या. रात्री भिंतीवर झोत टाका, एक हात हेडवर, म्हणजे एलईडी असलेल्या पुढच्या भागावर ठेवा.

उजेड अनियमित लुकलुकतो, टॉर्च हलवली, ठोकली किंवा झाकण पिळलं की बदलतो: सांधा. ठोकल्यावर मोडच बदलतो, म्हणजे हायवरून लोवर उडी मारते: हाही सांधाच. ड्रायव्हरला क्षणभर वीज तुटल्यासारखं वाटतं आणि तो त्याला स्विचचं अर्धं दाबणं समजतो. यात ड्रायव्हरचा काहीच दोष नसतो.

उजेड ठरावीक लयीत लुकलुकतो किंवा एकदम एक पायरी खाली येतो, आणि थोडा वेळ बंद ठेवली की परत पूर्ण पेटते: ड्रायव्हरचं कमी व्होल्टेजचं संरक्षण लागलेलं आहे. पण ते का लागलं हे वेगळं शोधावं लागतं, त्याच्याकडे पुढे येतो.

टॉर्च पूर्ण विझते, आणि सेल काढून चार्जरमध्ये घातला की जिवंत होतो: सेलच्या बुडाला असलेल्या संरक्षक पट्टीने प्रवाह तोडला.

उजेड संथपणे उतरतो, कुठेही झटका नाही: इथे हेडवरचा हात कामाला येतो. हेड चांगलं तापलं असेल तर एलईडीची उष्णता बाहेर येते आहे, म्हणजे संशय सेल आणि सांध्यांवर. हेड थंड आणि उजेड मात्र उतरतो आहे, तर लगेच बंद करा. उष्णता एलईडीखालीच अडकली आहे आणि तो जळायच्या वाटेवर आहे.

लो मोडवर मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, फिरणारा पंखा तुटक तुटक दिसतो, त्याची काळजी करू नका. ड्रायव्हर वीज भराभर चालू-बंद करून उजेड कमी करतो, त्याचा तो परिणाम आहे.

मागचं झाकण काढून घ्यायची चाचणी

सगळ्यात जास्त निकाल देणारी चाचणी ही, आणि तिला मीटरही लागत नाही. मागचं झाकण पूर्ण काढा. सेल आत असू द्या. जाड तांब्याच्या वायरचा आखूड तुकडा घ्या, दोन्ही टोकं सोला. एक टोक सेलच्या मायनस बुडावर दाबा, दुसरं नळीच्या उघड्या, रंग नसलेल्या कडेवर. टॉर्च पेटेल. हे शॉर्ट करणं नव्हे, कारण प्रवाह ड्रायव्हरमधूनच फिरतो. आपण फक्त मागची स्प्रिंग आणि स्विच वगळले. मात्र सेलवरचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर आधी ते बदला, मगच चाचणी करा.

उजेड झाकणासकट होता त्यापेक्षा स्पष्ट वाढला, लुकलुक थांबली, तर निम्मं काम झालं: दोष झाकणातच आहे. काहीच फरक पडला नाही तर झाकण सोडून द्या आणि पुढच्या बाजूला चला. डोळ्याला उजेडातला थोडा फरक कळत नाही, म्हणून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर त्याच वायरीभोवती लावा. क्लॅम्प प्रवाहाच्या वाटेत काहीही आणत नाही. साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज इथे वापरू नका. तिच्या लांब बारीक वायरींचा रोधच आपल्या शोधातल्या रोधाहून मोठा असतो. मीटर लावला की प्रवाह कमी दिसतो आणि तुम्ही उगाच ड्रायव्हरला दोष देता.

मिलिव्होल्टने सांधा पकडणे

झाकणातलं नक्की काय बिघडलं हे बघायला मला सगळ्यात आवडणारी रीत ही. ज्ञात प्रवाह सांध्यातून सोडायचा आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना मीटर मिलिव्होल्ट रेंजवर टेकवायचा. टेबलावरचा पॉवर सप्लाय असेल तर त्यावर १ अँपिअर बांधून घ्या. मग मीटरवर जितके मिलिव्होल्ट, तितकेच मिलिओहम. हिशोबच नको.

सप्लाय नसेल तर मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा पुरतो. बॅटरीच्या प्लसपासून दिवा, दिव्यापासून टॉर्चचं झाकण, झाकणापासून बॅटरीचा मायनस, अशी एकामागोमाग एक जोडणी करा. दिवा पूर्ण पेटला की वाटेतून साधारण पावणेदोन अँपिअर जातात. मीटरवर दिसलेले मिलिव्होल्ट १.७५ ने भागा, रोध मिलिओहममध्ये मिळाला. दिवा वाटेत असल्यामुळे चुकून काही टेकलं तरी प्रवाह त्याहून वाढत नाही, हा मोठा फायदा. दिवा हाताला भाजतो एवढं लक्षात ठेवा.

आता एकेक टप्पा घ्या. स्प्रिंगचं वरचं टोक ते स्प्रिंगचं बूड. स्प्रिंगचं बूड ते स्विचच्या पलीकडची पट्टी. पट्टी ते रिंग. रिंग ते झाकणाचे आटे. मोजत असताना स्प्रिंग बोटाने, लाकडी काडीने दाबून पाहा. आकडा स्थिर राहिला पाहिजे. दाबल्यावर तो दुपटीने वर-खाली होत असेल तर सांधा सापडला, मग सरासरी कितीही छान असो. मी तर आकडा किती मोठा यापेक्षा तो किती नाचतो याला जास्त महत्त्व देतो.

स्प्रिंग हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वाटेकरी निघतो. बारीक तारेची साधी पोलादी स्प्रिंग सहज ४०-५० मिलिओहम खाते. २.८ अँपिअरवर ते निभावतं. पण कोणी ड्रायव्हर बदलून ६ अँपिअरचा केला, तर ५० मिलिओहममध्ये १.८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा तारेत तयार होते. स्प्रिंग तापते, तिचा ताठपणा जातो, ती बसते. बसली की सेलवरचा दाब कमी होतो, दाब कमी झाला की सांधा आणखी तापतो. "पूर्वी ठीक होती, आता दर आठवड्याला होतं" अशा तक्रारीमागे हीच साखळी असते. अशी स्प्रिंग ताणून लांब करण्यात अर्थ नाही, ती परत बसणारच. फॉस्फर ब्राँझची किंवा बेरिलियम कॉपरची स्प्रिंग घाला.

आणि तिला बायपास द्या. २२ गेजची सिलिकॉनची मऊ वायर घ्या, ड्रोन आणि आरसी गाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे मिळते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड इथेही विचारा. स्प्रिंगच्या आतून वायर घालून एक टोक वरच्या वेढ्याला आणि एक बुडाला सोल्डर करा. लांबी इतकी की स्प्रिंग पूर्ण सुटली तरी वायर ताणू नये आणि दबली तर वेढ्यांत अडकू नये. २२ गेजच्या मीटरभर वायरचा रोध ५३ मिलिओहम असतो, म्हणजे तीन सेंटिमीटरचा दोनसुद्धा भरत नाही. ४०-५० च्या जागी दोन. एवढा मोठा फरक एवढ्या कमी पैशांत या टॉर्चमध्ये दुसरी कुठलीही गोष्ट देत नाही. सोल्डर करताना चपट्या टोकाची ६० वॅटची गन वापरा आणि दोन-तीन सेकंदांत काम उरका. लहान गन धरून बसलात तर स्प्रिंगचा ताठपणा आणि स्विचचं प्लास्टिक, दोन्ही जातील. ड्रायव्हरकडच्या स्प्रिंगलाही हेच करा. ती लोक विसरतात.

स्विच स्वतः नवीन असताना थोडाच रोध देतो, पण आतल्या पत्र्यांनी कार्बन धरला की तो वाढत जातो आणि दर दाबण्याला वेगळा आकडा देतो. पाच-सात वेळा चालू-बंद करून दर वेळी मोजा. आकडे वेगवेगळे आले तर स्विच बदला. आत फवारे मारून वेळ घालवू नका.

रिंग, आटे आणि कोकणची हवा

स्विचची पट्टी दाबणारी रिंग आणि हेडमध्ये ड्रायव्हर दाबणारी रिंग, या दोन्ही हाताने आवळल्या तर पुरत नाहीत. रिंगला दोन खाचा असतात. त्यांत सर्क्लिप प्लायरची टोकं घालून पक्कं आवळा. टॉर्च तापते-निवते तशी बॉडी आणि रिंग किंचित प्रसरण-आकुंचन पावतात आणि रिंग हळूहळू सुटते. ड्रायव्हरच्या कडेला दोन-तीन ठिकाणी पिलशी सोल्डर मारता आलं, पितळी पिलवर ते सहज होतं, तर तो सांधा कायमचा मिटतो. अ‍ॅल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, तिथे रिंगवरच भिस्त.

बॉडीच्या काळ्या थरातून, अ‍ॅनोडायझिंगमधून, वीज जात नाही. म्हणून आट्यांवर तो थर असला तर प्रवाह फक्त नळीच्या कडेतून जातो. ही कड उघडी, सपाट आणि स्वच्छ हवी. कडेला थर राहिला असेल तर काचेवर ६०० चा पॉलिश पेपर ठेवून नळी सरळ उभी धरून चार-सहा वेळा फिरवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं.

नंतर ग्रीस. आट्यांना आणि रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. कडेच्या तोंडावर ग्रीस नको. अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं राहिलं की त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. इलेक्ट्रिशियन अ‍ॅल्युमिनियम केबलच्या लगला जी ऑक्साइड रोखणारी पेस्ट लावतात ती कडेवर नखभर लावली तर फायदा होतो. किनारपट्टीवर, रत्नागिरी-सिंधुदुर्ग-गोव्याकडे हे जास्तच भोवतं. खारी दमट हवा ब्राँझ आणि पितळेवर हिरवट थर आणते. तिकडे पावसाळ्यात टॉर्च पेटीत पडून राहिली की सप्टेंबरात पहिल्यांदा लावताना लुकलुकणार, हे धरूनच चाला आणि आधी पुसून घ्या.

वायरींचंही एक सांगतो. काही तयार सेटमध्ये ड्रायव्हर ते एलईडी अशा वायरी फार बारीक असतात. २६ गेजच्या मीटरला १३४ मिलिओहम, २० गेजला ३३. दोन्ही मिळून दहा सेंटिमीटर वायर असेल तर तेरा विरुद्ध तीन. बदलायला पाच मिनिटं लागतात, हेड उघडलंच आहे तर करून टाका. तांब्याच्या चकतीवर सोल्डर मारताना ती सगळी उष्णता खेचून घेते, त्यामुळे ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, राहण्याची शक्यता मोठी. सोल्डर चकचकीत पसरलेलं दिसलं पाहिजे, गोळी झाली असेल तर पुन्हा करा.

उष्णता

"तापते म्हणून मंद होते" हे उत्तर सरसकट दिलं जातं. हिशोब मांडून बघा. ३.३ व्होल्ट गुणिले २.८ अँपिअर म्हणजे सव्वानऊ वॅट. त्यातला एक हिस्सा उजेड होतो, सहाएक वॅट उष्णता. ड्रायव्हरमध्ये, सेल भरलेला असताना, जवळपास दोन वॅट. सगळी मिळून सात-आठ वॅट धरा. टॉर्चचं अ‍ॅल्युमिनियम १५० ग्रॅम असेल तर ते एक अंशाने तापायला सुमारे १३५ ज्यूल लागतात. म्हणजे मिनिटाला तीन-चार अंश. तीस अंशाच्या रात्री बॉडीला हात लावणं नकोसं व्हायला सहा-सात मिनिटं जायला हवीत. तुमची टॉर्च पहिल्याच मिनिटात मंदावत असेल तर बॉडी तापल्यामुळे ते होऊच शकत नाही.

एकाच परिस्थितीत होऊ शकतं: एलईडीची चकती बॉडीला नीट टेकलेलीच नाही. साडेचार ग्रॅमच्या तांब्याच्या चकतीला एक अंश तापायला दोन ज्यूलही लागत नाहीत. सहा वॅट तिच्यातच अडकले तर ती सेकंदाला तीन अंशांच्या आसपास तापते, आणि मिनिटाच्या आत सोल्डर वितळण्यापर्यंत जाते. हेड थंड आणि उजेड उतरतोय, झोत निळसर होतोय, अशी खूण दिसली की टॉर्च बंद करायलाच हवी ती यासाठी.

चकती काढून तिची पाठ बघा. पेस्ट सगळीकडे पातळ पसरलेली हवी. मधोमध कोरडा डाग किंवा एका बाजूला जाड थर म्हणजे बैठक वाकडी. लेथवर वळलेल्या पिलच्या तळाला बऱ्याचदा मध्ये बारीक उंचवटा राहतो. काचेवर ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग १२०० घेऊन चकतीची पाठ आणि शक्य असेल तर तळ सपाट करा. तांबं मीटर-केल्व्हिनला जवळपास ४०० वॅट उष्णता नेतं, चांगली थर्मल पेस्ट जेमतेम पाच-आठ, आणि हवा ०.०२५. पेस्ट फक्त हवेची जागा घेण्यापुरती. जाड थापली तर तीच अडसर होते. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त चकतीपेक्षा एलईडीचं मधलं पॅड थेट तांब्याला जोडलेली चकती घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीत पॅड आणि धातू यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो, आणि तो उष्णताही रोखतो.

एलईडी स्वतः चकतीवर बसवला असेल तर कोणतं सोल्डर पेस्ट वापरलं ते आठवा. मोबाइलच्या दुकानात १३८ अंशांना वितळणारं पेस्ट सर्रास मिळतं, वापरायला सोपं म्हणून लोक तेच घेतात. जास्त पॉवरच्या एलईडीखाली ते नको. १८३ अंशांचं घ्या.

सेल आणि ड्रायव्हर

१८६५० मध्ये खरी क्षमता साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जाते. आवरणावर ९९०० लिहिलेला सेल खोटा आहे, चर्चा नको. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. सोनाराच्या किंवा किचनच्या काट्यावर टाका, बराच हलका निघाला तर बाजूला ठेवा. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधले सेल एमएएचला बरे निघतात, पण त्यांचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. १०० मिलिओहमच्या वर गेलेला सेल कमी प्रवाहाच्या दिव्याला चालेल, टर्बोला नाही. अंतर्गत रोध मोजणारा मीटर नसेल तर टॉर्च हायवर मिनिटभर लावा, लगेच सेल काढून व्होल्ट बघा, आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. व्होल्टेज झपाट्याने बरंच वर चढत असेल तर सेल थकलेला आहे.

ड्रायव्हर मात्र सेलचं व्होल्टेज स्वतःपाशी मोजतो, सेलपाशी नाही. वाटेत स्प्रिंगने, स्विचने, आट्यांनी खाल्लेले व्होल्ट त्याला दिसत नाहीत. त्याला फक्त उरलेलं दिसतं. सेल भरलेला असताना तो "सेल संपला" म्हणून पायरी खाली येतो, आणि प्रवाह कमी झाला की सांध्यातली घट कमी होते, व्होल्टेज वर येतं. ज्या ड्रायव्हरमध्ये प्रवाहाला लगाम नसतो आणि जो एलईडीला थेट सेलवर सोडतो, त्यात हे फार दिसतं. सांधे सुधारले की हा "ड्रायव्हरचा दोष" आपोआप जातो.

सेल आणि ड्रायव्हर यांच्यात पोच होत नाही म्हणून मध्ये चुंबक ठेवायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. १८६५० चा बाहेरचा धातूचा डबा मायनस असतो आणि प्लसच्या टोपणाशेजारची त्याची कडही मायनसच. चुंबक घसरला तर थेट शॉर्ट, तेही बंद धातूच्या नळीत, जिथून दाब बाहेर जायला वाट नाही. पोच नसेल तर प्लसला उंच टोपण असलेला सेल घ्या किंवा ड्रायव्हरवर उंच स्प्रिंग लावा, आणि सेलच्या प्लस कडेवर कागदी रोधक रिंग चिकटवा. स्विच बंद करूनही टॉर्च विझत नसेल तर सेलचं आवरण फाटून डबा नळीला टेकतो आहे. त्याच क्षणी सेल बाहेर काढा. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला, फुगलेला किंवा ठोकर बसलेला सेल परत चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या.

सगळं झाल्यावर झाकणाचा एकूण रोध पुन्हा त्याच दिव्याने मोजा. बायपास आणि घट्ट रिंगनंतर तो ३० मिलिओहमच्या आत यायला हवा. तो आकडा आणि तारीख मार्करने झाकणाच्या आत लिहून ठेवा. पुढे कधी तक्रार आली तर आधी तोच आकडा परत घ्या. वाढला असेल तर कुठे बघायचं हे लगेच कळतं.

आकडा जागेवर आहे, हेड व्यवस्थित तापतं, सेल चांगला आहे, आणि तरीही लुकलुक आहे, तर आता ड्रायव्हर काढून भिंगाखाली बघा. त्यावरच्या मायक्रोकंट्रोलरला एका छोट्या डायोडमधून वीज जाते आणि शेजारी एक कपॅसिटर असतो, जो क्षणभराची घट सांभाळतो. कपॅसिटरचं एक टोक पट्टीवरून सुटलेलं असेल तर बारीकशा धक्क्यानेही ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. दोन्ही टोकांना नवीन सोल्डर मारा, आठही चिपचे पाय एकेक करून तापवून घ्या, आणि बसवून पाहा. तरीही फरक पडला नाही, तेव्हाच नवीन ड्रायव्हर मागवा. तो घेताना व्यास आणि स्प्रिंगची उंची मोजून घ्या, म्हणजे नव्या ड्रायव्हरबरोबर नवीन सैल सांधा येणार नाही.